हासाजी फर्स्ट क्लास

पाहुणा येणार म्हटलं की सॅली नवगावकरच्या अंगात यायचं. सत्तरी उलटली होती, कंबर गेली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी बाई बाह्या सरसावून उभी! खिडक्यांच्या काचा पुसल्या, बिछान्यावर मुंबईहून आणलेली क्रोशाची चादर पडली, की शेजारच्यांनी ओळखावं, आज नवगावकरांकडे कुणीतरी येणार. मग तो विजेचा मीटर बघायला आलेला माणूस का असेना, चहा-करंजी पोटात गेल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. आणि मित्स्पे रामोनला पाहुणे येतात तरी किती? इस्राएलच्या वाळवंटात, भल्यामोठ्या दरीच्या काठावर वसलेलं एवढंसं गाव. रस्त्यात माणसांपेक्षा डोंगरी बकरेच जास्त भेटतात.

ही सवय तिच्या आईची. आलिबागजवळच्या नवगावातून बिऱ्हाड मुंबईला आलं तेव्हा सॅली लहान होती. बापाला गोदीत नोकरी लागली, पण राहायला जागा नाही. क्वार्टर हवं तर साहेब आधी घरी येऊन कुटुंब बघून जायचा. त्या दिवशी आईने शेजारणीची भांडी उसनी आणली, जमिनीला पाय लावू देईना, आणि तापाने फणफणलेल्या धाकट्याला पावडर लावून खिडकीत बसवून बजावलं, "खोकलास तर बघ!" पोरगं बिचारं डोळ्यांत पाणी आणून खोकला गिळत बसलं. साहेब खूश. "डीसेंट पीपल," म्हणाला, आणि क्वार्टर मिळालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई उठता-बसता म्हणायची. सॅलीने ते असं गाठीला बांधलं की समुद्र ओलांडून आली तरी गाठ सुटली नाही. सरकार देतं ते चांगल्या दिसणाऱ्या माणसांना, ही तिची पक्की समजूत.

नवरा हासाजी. नाव आजोबांचं, इथल्या पोरांना उच्चारता येत नाही असलं. मुंबईला तो तार ऑफिसात होता. दिवसभर कट्‌-कडकट्‌. इस्राएलला आल्यावर कोण विचारतो तारबाबूला? दरीतल्या मातीच्या खाणीवर डंपर चालवत त्याने उभा जन्म काढला. सॅली हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. एक मुलगी, इन्बाल. ती मोठी होऊन दक्षिणेला एलातच्या हॉटेलात नोकरीला गेली आणि तिकडचीच झाली. हासाजीला कुणीही, केव्हाही विचारावं, कसा आहेस? उत्तर एकच, "फर्स्ट क्लास!" ताप असो, लढाई असो, खाणीतली नोकरी सुटलेली असो. फर्स्ट क्लास. लोक हसायचे, पण त्यांना बरंही वाटायचं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात या फर्स्ट क्लास माणसाचं डावं अंग लुळं पडलं. मग हळूहळू डोकंही चकवायला लागलं. कधी लख्ख, कधी सगळा अंधार. न्हाऊ घालायचं सॅलीने, भरवायचं सॅलीने, संडासला उचलून न्यायचं सॅलीने. धडधाकट डंपरवाल्याचा देह तो, आणि ही इस्त्रीवाली चिमणी! डॉक्टर म्हणाला, बेर शेवा शहरात वृद्धांच्या संस्थेत ठेवा. सॅली त्याच्यावर अशी कडाडली की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. मग तोच म्हणाला, निदान सरकारकडून घरी मदतीला बाई मागून घे. ज्याला स्वतःचं करता येत नाही त्याला रोज काही तास बाई मिळते, कायदा आहे तसा. बाई मिळाली तर हासाजी घरात राहणार, नाही मिळाली तर सॅलीची कंबर मोडेल त्या दिवशी त्याला बेर शेवाला नेणार. एवढं साधं होतं ते.

पूर्वी असल्या कामाला गावात अमोस होता. मूळचा मोरोक्कोचा, तोंडाने फाटका, मनाने सोन्यासारखा. दर बुधवारी पंचायतीच्या इमारतीत एका टेबलामागे बसायचा. अर्ज बघायच्या आधी माणूस बघायचा. कुणाचा हात थरथरतो, कोण जिना चढताना थांबतो, कुणाची सून बोलत नाही, सगळं त्याला ठाऊक. वशिला मात्र त्याच्याकडेही चालायचा, खोटं कशाला बोला? ज्याचा मेहुणा पक्षात, त्याचा कागद वर. सॅलीचा ना मेहुणा ना पक्ष. तिचा कागद आपला मध्येच कुठेतरी.

तर त्या वर्षी समाजगृहात यरुशलेमहून एक सूटबूटवाला आला. शेजाऱ्याने चाकाची खुर्ची जिन्यावरून उतरवून दिली आणि सॅली हासाजीला तीतून घेऊन गेली, तेवढाच त्याला बदल. तो गृहस्थ भिंतीवर चित्रं पाडून सांगत होता. यापुढे रांग नाही, वशिला नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. एकदा सांगा, सगळ्या कचेऱ्यांना कळेल. तक्रार असेल तर घरबसल्या लिहा, थेट मंत्रालयात पोचेल. तेल अवीवचा माणूस आणि मित्स्पे रामोनचा माणूस एका पायरीवर. मालक तुम्ही, सरकार तुमचं नोकर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. हासाजीचं डोकं त्या दिवशी लख्ख होतं. उजव्या हाताने मांडीवर थापट्या मारत तो म्हणाला, "सॅले, अगं ही तारच की! इकडे टकटक केलं की तिकडे कुणीतरी वाचतंच. वाचल्याशिवाय तार राहत नाही."

सॅलीलाही पटलं. वशिला जाणार असेल तर सोन्याहून पिवळं. अमोस तेवढा मागच्या रांगेत तोंड पाडून बसला होता. त्याचं टेबल उचलून तिथे यंत्र बसणार होतं.

अर्ज इन्बालने एलातहून, हॉटेलच्या कम्प्युटरवरून भरला. माय-लेकींचं फोनवर बोलणं म्हणजे एक तमाशाच. आई मराठीतून विचारणार, मुलगी आईला 'इमा' म्हणत हिब्रूतून उत्तर देणार, आणि दोघी एकमेकींवर ओरडणार. पण काम झालं. आणि काय आश्चर्य, आठवडाभरात तारीख आली! तपासनीस बाई घरी येऊन बघून जाणार. सॅलीने एलियाहू हानाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला. मदतीला बाई मिळू दे, दहा जणांना बोलावून मलीदा करीन. बेर शेवाच्या इंडियन दुकानातून मलिद्याचे पोहेसुद्धा तिने मागवून ठेवले. इतकी खात्री!

आणि मग ती तयारीला लागली. काय सांगावं, परीक्षेला बसवतात पोराला तशी तिने हासाजीची तयारी करून घेतली. रोज सकाळी उजव्या हातात कप द्यायचा. "उचला. आता तोंडाशी. सांडू नका. शाब्बास!" त्या दिवशी पहाटेच उठून त्याची दाढी केली, केसांना तेल लावलं, मुंबईचा कोट चढवला, टाय बांधला. तो डावीकडे कलंडत होता म्हणून चादरीचा पट्टा करून पोटाशी खुर्चीला आवळला, आणि वरून कोटाची बटणं लावून टाकली. गुडघ्यांवर शाल. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बँकेचा मॅनेजर बसलाय.

तपासनीस बाईचं नाव झेहावा. मध्यम वयाची, घामाघूम झालेली, प्रेमळ बाई. हातात एक छोटंसं यंत्र, त्यावर काडीने टिचकी मारायची. ती आत आली आणि घर बघून थबकलीच. "किती सुंदर ठेवलंय!"

सॅलीची मान ताठ झाली.

"हासाजी, कसे आहात?" झेहावाने विचारलं.

"फर्स्ट क्लास!"

टिचकी.

"कपडे स्वतः घालता?"

हासाजीला रागच आला. "मग कोण घालणार? माझी आई?"

झेहावा मनापासून हसली. टिचकी. "अंघोळ?"

"रोज!"

"घरातून बाहेर चालत जाता?"

"पहाटे फिरायला जातो. दरीच्या काठापर्यंत. सूर्य वर येईपर्यंत तिथेच."

तो खोटं बोलत नव्हता हो. त्याच्या डोक्यात तो अजून जातच होता. सांग, सांग तिला, असं सॅलीच्या आतून कुणीतरी ओरडत होतं. पण तोंडातून निघालं, "आणखी एक करंजी घ्या ना, तुम्ही काहीच घेतलं नाही." हासाजीने शिकवल्याप्रमाणे कप उचलला, तोंडाशी नेला, थेंब सांडला नाही. शेवटची टिचकी.

झेहावा मूर्ख नव्हती. निघताना ती स्वयंपाकघरात आली, दार लोटून हळूच म्हणाली, "सॅली, आपण दोघीच आहोत. खरं सांग, तुला जड जातं का?"

खरं सांगायला दार उघडं होतं ते, सताड उघडं. आणि आमची सॅली काय म्हणाली? "नवऱ्याचं करणं जड कसं जाईल? सगळं बेसेदेर आहे. ऑलराइट." तिला वाटलं, रड्या माणसाला कोण देतं? हसऱ्याला देतात. परक्या बाईपुढे आपल्या माणसाच्या ओल्या चड्ड्यांची गोष्ट काढायची, म्हणजे अब्रू धुऊन वाळत घालायची. आधीच या देशात भारतातून आलेल्या आपल्या लोकांना एकदा सिद्ध करायला लागलं होतं की आपण इतरांइतकेच ज्यू आहोत. तेव्हापासून तर तिची कॉलरची इस्त्री आणखीनच कडक झाली होती.

झेहावा तिचे दोन्ही गाल चुंबून गेली. सॅलीने दार लावलं, कोटाची बटणं काढली, चादरीची गाठ सोडली. हासाजी भिजलेल्या पोत्यासारखा तिच्या अंगावर आला. पँट ओली झाली होती. त्याला पुसता पुसता ती म्हणाली, "पास झालो, अहो! पास झालो आपण."

निकाल त्याच आठवड्यात लागला. इन्बालने कम्प्युटरवर बघून फोन केला. "इमा, बाबा स्वतःचं सगळं स्वतः करतो असं लिहिलंय."

"मग? छानच लिहिलंय की!"

"इमा! म्हणून मदत नाकारलीय!"

सॅली भिंतीला टेकली. इन्बालने खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं, आणि ती इतकी चिडली की त्या भरात कितीतरी वर्षांनी मराठीत बोलली. "टाय बांधलास तू त्याला? टाय?" फोन ठेवल्यावर सॅली रडली. हासाजीने विचारलं, कुणी गेलं का? ती म्हणाली, कुणी नाही, कांदा कापत होते.

बरं, इतक्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण एकदा सांगा, सगळ्यांना कळेल! कळलं ना! जो शब्द एका कचेरीत पडला तो तारेवरून सगळ्या कचेऱ्यांत पोचला. बेर शेवाच्या इस्पितळात न्यायला गाडी यायची, ती बंद झाली. कारण? माणूस चालता-फिरता आहे. दवाखान्यातून लंगोटांची पाकिटं यायची, ती थांबली. दवाखान्यातला डॉक्टर तर रोज डोळ्यांनी बघत होता हासाजीला, पण तोही पडद्याकडे बोट दाखवून खांदे उडवायचा. हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

ती पंचायतीत गेली. अमोसच्या टेबलाच्या जागी उंच करडं यंत्र उभं होतं, आणि अमोस त्याच्या शेजारी, उभा. म्हाताऱ्यांना कुठलं बटण दाबायचं ते दाखवायला त्याला तात्पुरतं ठेवलं होतं. त्याने तिचं कार्ड सरकवलं. पडद्यावर हासाजीचं नाव आलं आणि खाली एकच शब्द, स्वावलंबी.

"तू बदल ना हे," सॅली म्हणाली. "तू ओळखतोस त्याला."

"मी कसा बदलू? आतलं मला दिसत नाही. आता मीसुद्धा तुझ्याच बाजूला उभा आहे, सॅली." त्याने सांगितलं, पुन्हा तपासणी हवी तर प्रकृतीत बदल झाल्याची नोंद हवी, आणि नोंद पुन्हा तपासणी झाल्याशिवाय होत नाही. डॉक्टरचा दाखला? तो जोडून झाला होता, पण मुदतीनंतरचा म्हणून यंत्राने परत पाठवला होता. मग अमोस एकदम भडकला. "पण तू टाय कशाला बांधलास गं, बाई? मी आलो असतो तर त्याला आधी उभं राहा म्हटलं असतं!"

आता बैल गेला नि झोपा केला, काय उपयोग? इन्बालने घरबसल्या तक्रार लिहिली. उत्तर तत्क्षणी आलं. तुमचा संदेश मिळाला, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा मोलाचं आहे. हासाजी अधूनमधून लख्ख व्हायचा तेव्हा विचारायचा, "तारेचं उत्तर आलं का गं?" सॅली म्हणायची, येईल. तो समजूत घालायचा, "लाइन बिझी असते कधी कधी. पण पलीकडे माणूस असतोच."

मध्ये निवडणूक आली. त्या दिवशी मात्र बघा, सकाळीच दारात गाडी! पक्षाची दोन धट्टीकट्टी पोरं वर आली, हासाजीला फुलासारखा उचलून खाली नेलं, मतदान करून पुन्हा वर आणून बसवलं. सॅली त्यांच्या मागे मागे विचारत राहिली, "उद्या येता का? परवा? अंघोळीपुरतं?" पोरं लाजून हसली. एकाने तिचं नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात, ऐन गारठ्यात, भर सकाळी, न्हाणीघरात हासाजी तिच्या हातून निसटला. ओला, उघडा, थंड फरशीवर. सॅलीने काखेत हात घालून उचलायला पाहिलं, कंबरेत कळ आली आणि तीही खाली बसली. फोन बाहेर, शेजारी घरात. हाक मारली असती तर माणसं धावून आली असती. पण असा? असा बघायचा त्याला लोकांनी? तिने आधी त्याला पुसलं. मग फरशीवर लोळवत लोळवत बनियन घातलं, शर्ट घातला, बटणं लावली. लुळ्या पायांत पँट चढवता चढवता तिला रडू फुटलं, पण चढवली. केस विंचरले. मग सरपटत जाऊन दार उघडलं आणि हाक मारली. तोवर त्याचे ओठ निळे पडले होते.

बेर शेवाला इस्पितळात छाती भरली. नर्सने विचारलं, कसं वाटतंय? त्याने ओठ हलवले, फर्स्ट क्लास. त्यानंतर तो बोलला नाही. तीन दिवसांनी गेला.

आणि ती बातमी! ती तार मात्र बिनचूक पोचली. माती देऊन घरी येतायत तोवर सगळ्या कचेऱ्यांना कळलं होतं. त्याचं पेन्शन थांबलं, त्याचं कार्ड बंद झालं, त्याचं नाव मतदारयादीतून गेलं. इन्बाल शिवाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस आईजवळ बसली आणि मग एलातला परत गेली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी दार वाजलं. पाठीवर पिशवी, चेहरा उन्हाने लालबुंद झालेली एक कोवळी पोरगी. नाव येला, कॉलेजात शिकते, सुट्टीत सरकारसाठी पाहणी करते. दूरच्या गावांतल्या लोकांना नवी कम्प्युटरची सेवा कशी वाटली? सॅलीने तिला हासाजीच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. खायला घरात काही नव्हतं. करंज्या तिने त्यानंतर केल्याच नव्हत्या. मग फडताळात मागे पडलेले मलिद्याचे पोहे तिने काढले, भिजवले, साखर-नारळ घालून तिच्यापुढे ठेवले. पोरगी उपाशी असावी, बकाबका खात सुटली.

आणि सॅली बोलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मूठ उघडली. टाय सांगितला, चादरीचा पट्टा सांगितला, ओली पँट सांगितली, फरशीवर घातलेला शर्ट सांगितला. काही लपवलं नाही. येलाने मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. तिचे डोळे भरून आले, तिने सॅलीचा हात हातात घेतला. दीड-दोन वर्षं यंत्रांशी टकटक केल्यानंतर पलीकडे माणूस निघालं होतं. हासाजीचं म्हणणं खरं झालं होतं, फार उशिरा, पण झालं होतं.

शेवटी येलाने डोळे पुसले आणि संकोचत पिशवीतून यंत्र काढलं. "सावता, आजी गं, हे जे तू सांगितलंस ना, ते लिहायला यात जागाच नाही गं. एक ते पाचमधला आकडा तेवढा हवा. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. किती घालू?"

सॅली तिच्याकडे बघत राहिली. एवढ्या उन्हात जिने चढून आलेली. रिकाम्या बशीला नारळ चिकटलेला.

"पाच घाल," ती म्हणाली.

रात्री फोनवर इन्बालने ऐकलं आणि ती किंचाळलीच. "पाच? इमा, लामा? का?"

"अगं, पोरगी इतकी दमून आली होती," सॅली म्हणाली. "दारात आलेल्या पोरीला नापास करू?"